एक साखळी लांब, एक साखळी रुंद

मी एक जुनी मोजणीची साखळी आहे. कर्जतच्या कचेरीच्या मागच्या खोलीत, दाराशेजारच्या खुंटीवर मला टांगून ठेवले आहे. माझ्या खाली फुटक्या दौती आणि एक पाय तुटलेले स्टूल आहे. मित्रांनो, त्या खोलीत तुम्ही कधी आलात तर गंजलेले लोखंड म्हणून माझ्याकडे पाहून पुढे जाल. म्हणून आधी माझी ओळख करून देते.

माझी लांबी तेहतीस फूट. ना बोटभर जास्त, ना बोटभर कमी. एका कारखान्यात लोखंडी तार तापवून, तिचे तुकडे करून, एकेक कडी दुसरीत ओवून मला घडवले. रुपयाचे जसे सोळा आणे, तसे माझेही सोळा भाग केले आणि त्यांनाही आणेच म्हटले. प्रत्येक आण्यावर एक पितळी टिकली बसवली. दोन्ही टोकांना धरायला पितळी मुठी लावल्या. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर. माझ्या अंगात हे एवढेच शहाणपण आहे, पण त्यावर दोन तालुक्यांची शेते उभी होती.

माझी एक मूठ आबाजी मोजणीदारांच्या हाती असे आणि दुसरी कोंडाजी साखळीवाल्याच्या. आबाजी उंच, सडपातळ, फार मोजके बोलणारे. कोंडाजी बुटका, आणि त्याच्या तोंडाला विसावा नसे. रोज सकाळी कामाला निघण्यापूर्वी ते मला कचेरीच्या अंगणात नेत. तिथे तेहतीस फुटांवर दोन दगड पुरलेले होते. त्यांच्यावर मला ताणून पाहायचे. ओढून ओढून साखळी लांबते, एखादी कडी वाकली की आखडते. लांबलेली साखळी कुणाचा तरी बांध खाते, हे आबाजींचे वाक्य मी हजार वेळा ऐकले असेल. दगडांशी माझे जुळले की मगच आम्ही निघत असू. पावसाळा संपला की कोंडाजी मला करंजाचे तेल चोळी आणि म्हणे, "चल बाई, आता नटलीस. आता बांधावर मिरव."

मी खरोखरच मिरवत असे. चिखलातून, काट्यांतून, गवतातून मला ओढत, पण दोन भाऊ बांधावर भांडत उभे असले आणि मी मधे पडले की दोघे गप्प होत. मला वाटे, जगात माझ्याइतके खरे बोलणारे कोणी नाही. मित्रांनो, हा माझा गर्व होता आणि तो पुढे उतरला. कसा, तेच सांगायचे आहे.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीचा उन्हाळा होता. मुंबईच्या एका सरकारी खात्याकडे बरेच दिवस तक्रारी येत होत्या. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारी माणसे असत. ती मालकाच्या शेतात राबत, त्याचे रान राखत. पण मालकाची मर्जी फिरली की झोपडी मोडून त्यांना उठवत. त्यांनी कुठे जायचे? अशांच्या घरांसाठी एक कायदा करावा असे त्या खात्याने ठरवले. कायदा कसा तयार होतो ते मला तोवर ठाऊक नव्हते. मला वाटायचे, कोणी मोठा माणूस मुंबईत बसून तो एका दमात लिहून काढत असेल. तसे नसते. आधी खात्याचा माणूस गावोगाव विचारत फिरतो.

असे विचारायला चित्रे साहेब आले. खालापूरच्या तळ्याकाठी त्यांचा तंबू पडला. नकाशे दाखवायला आबाजींना बोलावले, म्हणून मीही गेले आणि तंबूच्या खांबाला अडकून राहिले. चित्रे साहेब किडकिडीत, डोळ्यांवर जाड भिंगे, हातात सदैव छत्री. त्यांना प्रश्न विचारायची हौस होती. आठ दिवस माणसे येत राहिली. मालक आले, कुळे आली, पाटील आले. साहेब सगळ्यांचे लिहून घेत.

डोंगरातल्या वाड्यांतून मात्र कोणी आले नाही. दवंडी चावडीपुढे पिटली होती, तिचा आवाज डोंगरावर कसा पोचणार? आपण कोणाला बोलवायचे विसरलो हे त्या तंबूत कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही नाही.

शेवटच्या दिवशी साहेब मसुदा सांगू लागले. मसुदा म्हणजे कायद्याचे कच्चे रूप. कारकून लिहीत होता. एका कलमापाशी साहेब अडले.

"घर जुने आहे असे केव्हा म्हणायचे? उद्या कोणीही रातोरात चार काठ्या रोवील आणि माझे घर जुने म्हणेल. मालकावरही अन्याय नको. आबाजी, तुम्ही जमिनीतले माणूस. काय लिहावे?"

आबाजींनी माझ्याकडे पाहिले. नंतर म्हणाले, "साहेब, ‘त्याच जागी’ असे लिहा. त्याच जागी सलग पाच वर्षे उभे असलेले घर. जागा म्हणजे जागा. मोजून दाखवता येते. त्यात वाद नाही."

"वा!" साहेब म्हणाले. "त्याच जागी. लिहून घ्या."

मला कोण आनंद झाला! माझ्या पितळी टिकल्या ऊन नसताना चमकल्या असतील. कायद्यात माझा शब्द गेला, असे मला वाटले.

मसुदा मुंबईला गेला. पावसाळा आला आणि गेला. दिवाळीनंतर तो सरकारी गॅझेटात छापून कर्जतला परत आला. खाली लिहिले होते की हा कायदा अजून झालेला नाही. कोणाची हरकत वा सूचना असेल तर दोन महिन्यांच्या आत लेखी कळवावी. तो कागद कचेरीच्या भिंतीला चिकटवला. माणसे येत, कागदाकडे बघत आणि आपल्या कामाला लागत. वाचता येणारी थोडी, आणि त्यांतही थांबून वाचणारी त्याहून थोडी.

पायथ्याच्या गावचे राघोशेट मात्र थांबून वाचणारे होते. मार्गशीर्षात त्यांचा अर्ज कचेरीत आला. बेहडवाडीच्या उतारावर त्यांच्या मालकीच्या जमिनीत शुक्रा नावाच्या ठाकराने नवी झोपडी घातली आहे, तिथे आपल्याला आंब्याची कलमे लावायची आहेत, तरी जागा मोजून द्यावी.

एका सकाळी आबाजी, कोंडाजी आणि मी बेहडवाडीला चढलो. वाडी म्हणजे कारवीच्या कुडांची आणि गवताने शाकारलेली आठ-दहा घरे. शुक्राचे घर शेवटचे, बेहड्याच्या मोठ्या झाडाखाली. कुडावरचे शेण अजून ताजे दिसत होते. दारात शुक्राचा म्हातारा बाप पोशा बसला होता. शुक्रा कुडाला टेकून गप्प उभा होता. बोलायला पुढे आली ती त्याची बायको मंगळी. राघोशेटही छडी घेऊन आलेले होते.

"बघा मोजणीदार," शेट म्हणाले, "नवं घर. मागल्या महिन्यातलं. जुनं मोडून टाकलं यांनी आपल्याच हातानं. मी हातसुद्धा लावला नाय."

"आमी घर मोडलं नाय," मंगळी म्हणाली. "सरकावलं."

"मोडलं नाय तर मग ते गेलं कुठं गं?"

"ह्ये काय हितं! त्येच वासं, त्योच दरवाजा. तू डोळं उघडून बघ की, शेट."

त्या वाडीत वडीलधाऱ्या माणसालाही ‘तू’ म्हणत. त्यात मान कमी करण्याचा हेतू नसे. तरी कोंडाजीला हसू आवरले नाही. आबाजींनी त्याच्याकडे पाहिले तेव्हा तो माझी गाठ सोडवू लागला.

"घर का सरकावलं बाई?" आबाजींनी विचारले.

मंगळी एकदम हळू बोलू लागली. "माझी सासू गेली भादव्यात. जिजा तिचं नाव. चुलीपाशी बसली हुती, तिथंच मान टाकली. आमच्यात रीत हाय. जिथं माणूस गेलं ती जागा त्याची. तिथं परत चूल पेटवायची नाय. कापणी झाली की घर सोडवायचं नि चार पावलं बाजूला उभं करायचं. म्हातारीला तिची जागा नको का?"

चार पावलांवर तीन काळे दगड जमिनीत रुतलेले होते. जिजाची चूल. राख वाऱ्याने उडून गेली होती, पण दगड कोणी हलवले नव्हते. त्यांच्याजवळ रानफुलांची एक वाळलेली जुडी पडली होती.

"ह्यो माज्या मायचा ठाव," पोशा म्हणाला. तो उठून, काठी टेकत दुसरीकडे गेला आणि त्याने गवत बाजूला केले. तिथेही तीन दगड होते. "ह्यो बापाचा. त्यो तिकडं भावाचा. त्या कोपऱ्यातला आज्याचा. मी बारका हुतो तवाचा."

म्हातारा एकेका चुलीपाशी थांबत गेला. नवी धरून सात चुली निघाल्या. तीन-तीन दगडांच्या सात चुली, आणि नवी सोडून प्रत्येक चुलीला एका गेलेल्या माणसाचे नाव.

राघोशेटांनी खिशातून गॅझेटाची घडी काढली.

"मोजणीदार, सरकारनंच लिवलंय. त्याच जागी सलग पाच वर्षं. ही जागा ती नव्हं. मी काय वाकडं बोलतोय का? शिमग्यापत्तूर जागा रिकामी करा म्हणून मी यांना सांगितलंय. तोवर राहू द्या. माणुसकी हाय मला बी."

शेट खोटे बोलत नव्हते. कागदावर तसेच छापलेले होते. कोंडाजी आबाजींच्या कानाशी येऊन पुटपुटला, "भाऊसाहेब, तुमचं ‘त्याच जागी’ डोंगर चढून आलं बघा."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या कड्या गळून पडल्या असत्या तरी मला चालले असते. गरिबांचे घर वाचवायला निघालेला कायदा, आणि माझ्या नि आबाजींच्या दोन शब्दांनी तोच या घराच्या मुळावर आला होता. सात पिढ्यांची नाही तरी चार पिढ्यांची ही माणसे. आपल्या मेलेल्या माणसाला जागा द्यावी एवढाच यांचा गुन्हा.

"कोंडाजी, साखळी धर," आबाजी म्हणाले.

"नवी झोपडी मोजायची ना?"

"सगळं मोजायचं. आज्याच्या चुलीपासून."

त्यांनी माझी एक मूठ आज्याच्या दगडांपाशी ठेवली. कोंडाजी दुसरी घेऊन नव्या घराकडे चालू लागला. मी गवतावरून सरकत गेले. मंगळी पुढे होऊन माझ्या वाटेतले काटे बाजूला करत होती. नव्या चुलीपाशी मी पोचले तेव्हा दोन आणे उरले होते. म्हणजे चौदा आणे लांबी. मग मला आडवे धरले. नऊ आणे. सातही चुली माझ्या आत होत्या. साठ वर्षांत हे घर सहा वेळा सरकले आणि एका साखळीच्या बाहेर कधी गेले नाही.

आबाजींनी नकाशा काढला. सात जागी तीन-तीन ठिपके दिले आणि पोशाला विचारून प्रत्येक जुन्या चुलीशेजारी तिच्या माणसाचे नाव लिहिले. मोजणीच्या नकाशावर माणसांची नावे लिहिलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

खाली उतरण्यापूर्वी त्यांनी मंगळीला सांगितले, "बाई, कायदा अजून पक्का झालेला नाही. हरकत घ्यायला आठ दिवस उरलेत. तू कर्जतला ये."

"हरकत म्हंजी?"

"तुला जे पटलं नाही ते सरकारला सांगायचं."

"सरकार ऐकतंय?"

आबाजी म्हणाले, "विचारलंय तरी त्यांनी."

दुसऱ्या दिवशी आबाजी मामलेदारांपुढे उभे राहिले. मला खुंटीवरून सगळे ऐकू येत होते. मामलेदार भले गृहस्थ होते, पण नियमाला पक्के.

"आबाजी, सरकारी नोकराने सरकारच्या मसुद्यावर हरकत घ्यायची? असे चालत नाही. आणि शब्द तर तुमचाच होता म्हणे."

"माझाच होता, साहेब. म्हणून झोप येत नाही."

मामलेदारांनी टाक खाली ठेवला. "हरकत रयतेची असते. रयत आली आणि तुम्ही तिचे म्हणणे लिहून दिले, तर ते लेखनिकाचे काम झाले. तेही कचेरी सुटल्यावर. नकाशा मात्र तुमचा आहे, तो मी माझ्या सहीने जोडीन."

मंगळी सहाव्या दिवशी आली. चार तास चालून आली होती. कचेरीच्या ओट्यावर, खांबाला टेकून बसली. आबाजींनी कागद घेतला, टाक दौतीत बुडवला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहून वाचून दाखवले: "अर्जदार मंगळी, नवरा शुक्रा, राहणार बेहडवाडी, सरकारचरणी नम्रपणे विनंती करते की, मसुद्यातील कलम चारमुळे अर्जदारासारख्या गोरगरिबांची अपरिमित हानी..."

"थांब रं," मंगळी म्हणाली. "ह्यात मी कुटं हाय?"

"हे काय, नाव घातलंय."

"नाव हाय. मी नाय. ह्ये मला समजंना, तर सरकारला काय समजंल?"

ओट्यावर बसलेला कोंडाजी खो खो हसला. "भाऊसाहेब, घ्या नवा कागद. ही बाई तुमाला मोजती आज."

आबाजींनी खरेच नवा कागद घेतला. "बोल बाई. तू बोलशील तसं लिहितो."

मंगळी उन्हाकडे बघत सावकाश सांगू लागली. "लिव. माजी सासू जिजा चुलीपाशी गेली. ती जागा तिला दिली. आमी चार पावलं सरकलो. आमच्यात समदे असंच करत्यात. घर सरकलं म्हून घर गेलं असं नसतंय. गाय उन्हातनं सावलीत बसली तर ती दुसरी गाय होती का? आमी मेलेल्यांना सोडून लांब जात नाय, नि त्यांच्या अंगावर चूल बी पेटवत नाय. म्हून तुमी ‘त्याच जागी’ लिवलंय त्ये बदला. नायतर आमाला आमचं माणूस मेलं की घर बी मेलं."

आबाजींनी ते तसेच लिहिले, एक शब्दही न सुधारता. मंगळीने शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवला. वाळेपर्यंत ती त्यावर फुंकर घालत राहिली.

हरकतीचा कागद मुंबईला गेला आणि आम्ही वाट पाहू लागलो. माघ निम्मा झाला. शिमग्याला महिनाभर उरला. कोंडाजी रोज टपालाच्या पिशवीकडे बघे आणि मला म्हणे, "तुझा गुंता सुटतोय का बघू." शेवटी पत्र आले. आबाजींना नकाशा घेऊन मुंबईला बोलावले होते. आबाजींनी नकाशाची गुंडाळी काखेत घेतली, आणि काय मनात आले कोण जाणे, पिशवीत मलाही घातले.

मोठ्या दगडी इमारतीतल्या एका लांबट खोलीत चित्रे साहेब होते, आणि त्यांच्याशेजारी कायदा खात्याचे एक वयस्क गृहस्थ होते. मसुद्यातला प्रत्येक शब्द तपासणे हे त्यांचे काम. त्यांच्यापुढे ढीगभर हरकती होत्या. मंगळीचा कागद सगळ्यांत वर होता.

"कागद मी तीनदा वाचला," ते म्हणाले. "गाय तीच, हे मला पटते. पण कायद्यात गाय लिहिता येत नाही. ‘त्याच जागी’ काढून चित्रे म्हणतात ‘जवळपास’ लिहू. जवळपास म्हणजे किती? चार पावले की चार मैल? उद्या कोर्टात वकील त्या एका शब्दाच्या चिंध्या करतील आणि बाईंचे घर पुन्हा जाईल. मला माप हवे."

आबाजींनी पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढले. गुळगुळीत फरशीवर माझा असा आवाज झाला की शेजारच्या खोलीतले कारकून दारात आले.

"साहेब, एक मूठ धरता का?"

कायद्याचे ते वयस्क गृहस्थ उठले. त्यांनी चष्मा सावरला आणि माझी मूठ दोन्ही हातांनी धरली. आबाजी दुसरी घेऊन मागे मागे चालू लागले. खोली अपुरी पडली. मी दारातून बाहेर, व्हरांड्यापर्यंत गेले.

"आज्याची चूल तुमच्या हाताशी आहे," आबाजी व्हरांड्यातून म्हणाले. "नवी चूल इथे, चौदाव्या टिकलीपाशी. साठ वर्षांत घर एवढेच फिरले आहे."

ते गृहस्थ माझ्या बाजूने पावलापुढे पाऊल टाकत चालत आले. एकेका टिकलीपाशी नकाशातले नाव वाचत आले. जिजाच्या नावापाशी क्षणभर थांबले.

"एक साखळी लांब, एक साखळी रुंद," ते स्वतःशी म्हणाले.

"एक गुंठा, साहेब."

"एक गुंठा. हे लिहिता येते." आणि त्यांनी उभ्याउभ्याच चित्रे साहेबांना सांगितले, "घराची जागा म्हणजे घर व त्याभोवतालचे मिळून एक गुंठा क्षेत्र. त्या क्षेत्रात घर कितीही वेळा सरकले तरी ते तेच घर समजावे. आणि मसुदा प्रथम छापला त्या तारखेनंतर कोणी घर पाडले असेल, तर ते पुन्हा बांधू द्यावे. लिहा."

असा त्या शब्दाचा गुंता सुटला. परतल्यावर आबाजींनी वाडीवर तसा निरोपही धाडला. पण सुटला म्हणजे झाले असे नव्हे. पुढे मंत्र्यांनी वाचायचे, कायदेमंडळापुढे ठेवायचे, तिथे तीनदा वाचन व्हायचे, वाद व्हायचे, मते पडायची आणि गव्हर्नरची सही व्हायची. या सगळ्याला वेळ लागतो. शिमगा मात्र आपल्या दिवशी येतो.

होळीच्या दुसऱ्या दिवशी राघोशेटांच्या माणसांनी शुक्राचे घर मोडले. कायदा झालेला नव्हता, त्यांना अडवणार कोण? कोंडाजीने ती बातमी कचेरीत आणली. सांगून झाल्यावर तो नुसता खाली बसला. आबाजी तसेच उठून वाडीवर गेले, आणि मोजायचे काही नसताना मलाही घेऊन गेले.

वासे, कूड, गवत उताराखाली पडले होते. शुक्रा आणि म्हातारा पोशा बेहड्याखाली बसले होते. मंगळी मात्र कामात होती. तिने झाडाच्या बुंध्याशी तीन नवे दगड मांडले होते आणि त्यांवर भाकरी भाजत होती.

"मोजणीदार," ती म्हणाली, "त्या दिशी तुजी साखळी कुटवर आलती?"

"का?"

"बाहेर जायचं नाय मला तिच्या. घर पाडलं तर पाडलं. चूल आतच ठेवायची. बघ, आत हाय ना?"

आबाजींनी मला ताणले. आज्याच्या दगडांपासून बेहड्याच्या बुंध्यापर्यंत पंधरा आणे आणि वर थोडे.

"आत आहे," ते म्हणाले.

"मग बस. भाकर खा."

चैत्र आणि वैशाख ते कुटुंब त्या झाडाखाली राहिले. मंगळीने चूल विझू दिली नाही. राघोशेटांनी दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा मंगळीने त्याला पाणी प्यायला दिले आणि सांगितले, "शेटला सांग, कलमं पावसात लावत्यात. पाऊस यायला अजून येळ हाय."

पावसाच्या तोंडावर, मृग लागायला आठ दिवस असताना, टपालाच्या पिशवीतून गॅझेट आले. मामलेदारांनी ते आपल्या हाताने फोडले. कलम चार त्यांनी मोठ्याने वाचले. कोंडाजीने मला खुंटीवरून ओढून काढले ते तेल न लावताच.

त्या दिवशी आम्ही बेहडवाडीवर गेलो तेव्हा सगळी वाडी गोळा झाली. मला चारी बाजूंनी ताणले. कोपऱ्यांवर चार दगड रोवले. राघोशेटही आले होते. ते छडीने माती टोकरत म्हणाले, "म्हंजी माझा गुंठा गेला."

"तुजा गुंठा तुजाच हाय, शेट," मंगळी म्हणाली. "आमी त्यो पाठीवर घेऊन कुटं जातोय? आमचं फकस्त घर हाय. कलमं तिकडं लाव वरल्या अंगाला. गुरं आमी हाकलू."

थोड्या वेळाने शेटांनी आपल्या गड्यांना हाक मारली आणि उताराखाली पडलेले वासे वर आणून द्यायला सांगितले. मृग कोसळला तेव्हा गवत शाकारून झाले होते.

मित्रांनो, पुढे माझे दिवस फिरले. आबाजी निवृत्त झाले. नवे मोजणीदार नवी कोरी साखळी घेऊन आले. अंगणातल्या दगडांवर मला ताणून पाहिले तर मी अर्धा इंच लांबले होते. खरे माप उरले नाही म्हणून मला मागच्या खोलीत टांगले. तेल लावायला कोणी येत नाही. पावसाळ्यात भिंतीची ओल माझ्या कड्यांत उतरते. मध्यंतरी कुंपणाचे फाटक बांधायलाही मला वापरले. मला वाईट वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

पण मागल्या वर्षी, एकोणपन्नास साली, एक गोष्ट घडली. कोंडाजी मागच्या खोलीत काहीतरी शोधायला आला होता. जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस का गं? बेहडवाडीचा पोशा म्हातारा गेला. मंगळी भेटली बाजारात. कापणी झाल्यावर घर सरकवलं म्हणाली. आत, चार दगडांच्या."

मी वाट पाहिली. आता अर्ज येईल, मग मोजणीदार निघतील, मग नव्या साखळीला का होईना, कोणी डोंगरावर नेईल. पौष गेला. माघ गेला. शिमगाही गेला. कोणी अर्ज केला नाही. कोणी मोजायला गेले नाही; मी आखलेली हद्द सगळ्यांना पटली होती. म्हाताऱ्याला त्याची जागा मिळाली, आणि चूल चार पावलांवर पेटली.

माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतका मान कधी मिळाला नव्हता.

म्हणून तुम्हाला एकच मागणे आहे. जमलेच तर कधी या जुन्या कड्यांना करंजाचे थोडे तेल लावा. ते राहिले तरी चालेल. पण मोठे होऊन तुमच्यापैकी कोणी लिहिणारा झाला, आणि दुसऱ्याच्या घराविषयी एखादी ओळ लिहायची वेळ आली, तर टाक उचलण्यापूर्वी डोंगर चढून त्या घरी जा. चूल कुठे आहे ते त्या घरच्या बाईला विचारा. ती सांगेल तेवढा वेळ थांबा. मग लिहा.